जुन्या लष्करी जीपचं मूळ रूप कोणतं?

गेली काही वर्षं जुन्या जीपांच्या शौकिनांमध्ये एक वाद पुन्हा पुन्हा पेटतो. कुणीतरी मिलिटरी डिस्पोजलची जीप विकत घेतो, तिच्यावर वर्षभर खपतो आणि ती रस्त्यावर आणतो. लगेच एक गट त्याच्यावर तुटून पडतो : डिझेल इंजिन का टाकलं, रुंद टायर का चढवले, १९४३ साली अमेरिकेतल्या टोलीडोच्या कारखान्यातून ती जशी बाहेर पडली तशीच उभी करायला हवी होती. दुसरा गट त्याच आवाजात उत्तर देतो : गाडी त्याची, पैसा त्याचा, घाम त्याचा, तुम्ही कोण सांगणारे? दोन्हीकडून तावातावाने बोललं जातं आणि हाती काहीच लागत नाही, कारण दोघेही आपापली आवडच मांडत असतात. एकाला कोरी करकरीत जुनी गाडी हवी असते, दुसऱ्याला घाट चढणारी दणकट गाडी. आवडीच्या भांडणाचा निकाल कधी लागतो का?

माझं म्हणणं असं आहे. लष्करी गाडी ही मुळात सेवेची नोंद असते. ती कुठे गेली, कुणाकडे होती, तिच्यावर काय बसवलं होतं, काय मोडलं आणि कुणी दुरुस्त केलं, हे सगळं तिच्या पत्र्यावर आणि चासीवर लिहिलेलं असतं. ही नोंद पुसणं हा खरा गुन्हा. तो गुन्हा मॉडिफाय करणाऱ्यांच्या हातून होतोच, पण ‘मूळ रूप’ म्हणून जप करणाऱ्यांच्या हातून बरेचदा जास्त होतो. म्हणून गाडी बदलावी की बदलू नये, यावर भांडण्यात अर्थ नाही. बदलण्याआधी तिच्यावरचं लिहिलेलं वाचलं का, नोंदवलं का आणि केलेला बदल उद्या परत काढता येईल का, हे विचारायला हवं.

आधी ‘मूळ’ म्हणजे काय ते पाहू. १९४० साली अमेरिकी सैन्याने पाव टनाची, चारही चाकांना ताकद देणारी छोटी टेहळणी गाडी मागितली. पहिला नमुना बनवला तो पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बॅन्टम या छोट्या कंपनीने. आराखडा कार्ल प्रॉब्स्टचा. पण सैन्याला हव्या तितक्या गाड्या बनवणं बॅन्टमच्या आवाक्याबाहेरचं होतं. मोठी कंत्राटं विलिस आणि फोर्ड यांना गेली. विलिसचं ६० अश्वशक्तीचं, २.२ लिटरचं ‘गो डेव्हिल’ इंजिन दोन्ही कंपन्यांच्या गाड्यांत बसलं. विलिसच्या पहिल्या गाड्यांची तोंडावरची जाळी पट्ट्या वेल्ड करून केलेली होती. फोर्डने ती एकाच पत्र्यातून दाबून काढली, स्वस्तात आणि हलकी, आणि पुढे विलिसनेही तीच उचलली. म्हणजे ज्या नऊ फटींच्या जाळीला आपण विलिसचा चेहरा म्हणतो, तो प्रतिस्पर्ध्याने केलेला बदल आहे. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांवर जीपा काढल्या आणि त्यांचा कुठलाही भाग एकमेकांत बसला पाहिजे ही सैन्याची अटच होती.

ही अट फार महत्त्वाची आहे, कारण तिच्यामुळे ‘इंजिनचा नंबर चासीच्या नंबरशी जुळला पाहिजे’ हा शर्यतीच्या आणि शौकाच्या गाड्यांकडून उसना घेतलेला दंडक इथे लंगडा पडतो. आघाडीवर एका जीपचं इंजिन निकामी झालं की तिथल्या वर्कशॉपने दुसऱ्या मोडक्या जीपचं काढून तिला बसवायचं, आणि गाडी संध्याकाळच्या आत रस्त्याला लावायची. तिथे नंबर कोण जुळवत बसणार? युद्धानंतर पॅरिसजवळ ला मालतूर्ने इथल्या फ्रेंच सैन्याच्या कारखान्यात जीपा पूर्ण सुट्या करून पुन्हा बांधल्या जात. एका गाडीत विलिसची चासी, फोर्डचा गिअरबॉक्स आणि पुढे हॉचकिसने फ्रान्समध्ये बनवलेले भाग असे एकत्र येत. युरोपात आज ज्या जीपा ‘महायुद्धातल्या अस्सल’ म्हणून मिरवतात, त्यांतल्या कितीतरी या पुनर्बांधणीतून गेलेल्या आहेत. त्या खोट्या ठरतात का? अजिबात नाही. फक्त त्यांचं खरं आयुष्य एका कारखान्याच्या दारात संपत नाही.

सैन्य स्वतः तर या गाड्या सतत कापत-जोडत होतं. युरोपात रस्त्यांवर आडव्या ताणलेल्या तारांनी चालकाची मान कापली जाऊ नये म्हणून पुढच्या बंपरवर लोखंडी अँगल उभा केला गेला. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिशांच्या एसएएस या कमांडो तुकडीने जाळीच्या पट्ट्या कापून हवा मोकळी केली, पुढे पाण्याचा डबा जोडला आणि विमानांवरच्या व्हिकर्स मशीनगन जीपवर बसवल्या. बर्मात १९४४ साली रबरी टायर काढून रेल्वेची चाकं लावलेल्या जीपा रुळांवर डबे ओढत होत्या. आणि आपल्याकडे खेमकरणचं रण. ४ ग्रेनेडियर्सचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद १९६५च्या सप्टेंबरात असल उत्तरच्या उसाच्या शेतांतून ज्या जीपवरून पॅटन रणगाड्यांवर मारा करत होते, ती १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ बसवलेली जीप होती. टेहळणीसाठी बनलेली गाडी रणगाडे फोडायला निघाली, ती बदल करूनच. त्या तोफेचा आधार उखडून, भोकं बुजवून कुणी म्हणालं की मी जीप तिच्या मूळ रूपात आणली, तर त्याला आपण काय म्हणू?

आता नेमका हाच प्रकार मी कोल्हापुरातल्या एका गॅरेजात जवळून पाहिला आहे. जीप फोर्डची होती. पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर विलिस, उलट्या यू आकाराचा असेल तर फोर्ड, ही ओळखायची सोपी खूण. शिवाय जागोजागी नटबोल्टांच्या डोक्यावर फोर्डचं ते वळणदार एफ होतं. बॉनेटच्या एका कोपऱ्यात रंग उडाला होता आणि तिथे झाडाच्या खोडात दिसावीत तशी वलयं दिसत होती : वर पांढरा, त्याखाली कुठल्याशा सरकारी खात्याचा राखाडी, त्याखाली आपल्या लष्कराचा हिरवा, मग एक मातकट थर आणि अगदी तळाशी काळपट अमेरिकी ऑलिव्ह. अमेरिकी सैन्यात जीपच्या बॉनेटच्या बाजूला २० या आकड्याने सुरू होणारा नोंदणी क्रमांक रंगवलेला असे. ब्रिटिश सैन्याकडे गेलेल्या जीपांवर एम अक्षराने सुरू होणारा. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, एकेक थर सावकाश घासत गेलं की असा क्रमांक कधी कधी अलगद वर येतो आणि त्यावरून त्या गाडीचा माग लागू शकतो. मागच्या सीटखालच्या पत्र्यात चार भोकं होती, कडांना झिजलेली, म्हणजे तिथे बराच काळ काहीतरी जड बसवलेलं होतं. मी पुन्हा गेलो तेव्हा बॉडी सँडब्लास्टिंगहून परत आली होती. राखाडी, उघडी, लख्ख. भोकं वेल्ड करून घासून सपाट केली होती. मिस्त्री अभिमानाने म्हणाला, “साहेब, आता गंजाचं नावच नको.” काम उत्तम होतं, हात तयार होता. मालकाने पुढे पुस्तकात बघून अचूक रंग दिला, परदेशातून डॅशबोर्डवरच्या पितळी पाट्यांच्या नकला मागवल्या आणि समोर पांढरा तारा काढला. सगळ्यांनी वाहवा केली. त्या जीपबद्दल जे काही कळू शकलं असतं, ते मात्र वाळूच्या झोतात उडून गेलं होतं. एक फोटोसुद्धा काढून ठेवलेला नव्हता.

याच जीपच्या शेजारी एखादी डिझेल इंजिन टाकलेली, चाकं फाकवलेली जीप उभी केली तर मूळ रूपवाले डिझेलवालीवर हळहळतील आणि कोल्हापूरच्या जीपवर फुलं उधळतील. मला हे उलटं वाटतं. डिझेलवाल्याने इंजिन बदललं. ते परत बदलता येईल. पुसलेले थर परत येत नाहीत.

हा वाद जीपांपुरता नवा वाटला तरी इमारतींच्या बाबतीत तो दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेला आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जुन्या चर्चांची ‘पुनर्स्थापना’ जोरात होती. मध्ययुगातलं शुद्ध रूप परत आणायचं म्हणून मधल्या शतकांत झालेली भर काढून टाकायची, भिंती खरवडून स्वच्छ करायच्या, जिथे पुरावा नाही तिथे शैलीवरून अंदाज बांधायचा. विल्यम मॉरिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८७७ साली प्राचीन इमारतींच्या संरक्षणासाठी संस्था काढली ती या खरवडण्याच्या विरोधात. त्यांचं टोपणनावच ‘खरवडणं-विरोधी’ असं पडलं. पुढे १९६४च्या व्हेनिसच्या जाहीरनाम्यात स्मारकांसाठी तत्त्व मांडलं गेलं की जिथे तर्क सुरू होतो तिथे पुनर्स्थापना थांबली पाहिजे आणि वेगवेगळ्या काळांत पडलेल्या सार्थ भरीचा मान राखला पाहिजे. भिंतींना जो न्याय लावला तो पत्र्याला लावायला काय हरकत आहे?

यावर कुणी म्हणेल, मग गंजही जपायचा का? थर काढायचेच नाहीत का? काढायला माझी ना नाही. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवर पिढ्यान् पिढ्या साचलेला शेकडो किलो शेंदूर २०२२ साली उतरवला गेला. त्यासाठी मंदिर काही आठवडे बंद ठेवलं, जाणकार बोलावले, काम विधीपूर्वक आणि सावकाश झालं, आणि देवीचं आतलं रूप भाविकांसमोर आलं. भाविकांनी ज्या रूपाला हात जोडले होते ते शेंदराचंच होतं, तेही खोटं नव्हतं. काढणं आणि खरवडून टाकणं यांत हाच फरक आहे : काय काढतोय ते ठाऊक असणं, आणि काढलेल्याची आठवण ठेवणं. मूर्ती आणि जीप एका पंक्तीतल्या नाहीत हे मला कळतं, पण हाताला लावायची शिस्त दोन्हीकडे तीच आहे.

तरीही मूळ रूपवाल्यांचा एक मुद्दा इतका भक्कम आहे की त्याला बगल देता येत नाही. ते म्हणतात, जीपा आता बनत नाहीत. प्रत्येक कापलेल्या जीपबरोबर शिल्लक संख्या एकाने कमी होते. खरं आहे. फिलिपाइन्सकडे बघा. युद्धानंतर अमेरिकेने मागे टाकलेल्या जीपा मनिलाच्या कारागिरांनी लांब केल्या, मागे समोरासमोर बाकं टाकली, रंगीबेरंगी चित्रं काढली आणि त्यातून जीपनी जन्माला आली. ती त्या देशाची ओळख झाली. पण त्या बदलात तिथल्या मूळ जीपा बहुतांश संपल्या. हरियाणातल्या मंडी डबवालीत जुन्या जीपांपासून नव्या उघड्या जीपा बांधण्याचा मोठा धंदा आहे. तिथल्या कारागिरीला मी मनापासून मानतो. पण महायुद्धातली चासी हाती आली आणि ती कापून लांब केली, तर ते कारागिरीच्या नावावर केलेलं नुकसानच. इथे मी मूळ रूपवाल्यांच्या बाजूला उभा आहे : ज्या गाडीचा सेवेचा इतिहास सापडण्याजोगा आहे तिच्या चासीला आणि बॉडीला कटर लावू नये. कुठल्याही कारणाने नको.

पण एवढ्यावरून सगळ्याच बदलांना नकार देणं म्हणजे उपकार विसरणं आहे. आपल्याकडे या जीपा टिकल्या कशा? महायुद्ध संपलं तेव्हा आसाम आणि बर्माच्या सीमेवर, लेडो रस्त्याच्या कामावर, विमानतळांवर अमेरिकी वाहनांचे ढीग पडले होते. त्यांतल्या जीपा लिलावातून देशभर पसरल्या. स्वातंत्र्यानंतर महिंद्राने मुंबईत माझगावला विलिसचे सुटे भाग आणून जीपा जोडायला घेतल्या आणि पुढे सीजे३बी हे जीपचं नागरी मॉडेल वर्षानुवर्षं इथेच बनत राहिलं. सैन्यातून बाद झालेली जीप मग साखर कारखान्यात, तालुक्याच्या कचेरीत, बागायतदाराच्या वाड्यात, आणि शेवटी सातारा-सांगली-कोल्हापूरच्या रस्त्यांवर वडापाला, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीला, लागली. पेट्रोल परवडेनासं झालं तेव्हा या गाड्यांपुढे दोनच वाटा होत्या : भंगार किंवा डिझेल. ज्या मिस्त्रींनी ट्रॅक्टरचं किंवा प्यूजोचं डिझेल इंजिन लेथवर तयार केलेल्या पट्टीने जुन्या गिअरबॉक्सला जोडलं, त्यांच्यामुळे या चासी आज आपल्यासमोर आहेत. त्यांच्याकडे पुस्तकं नव्हती, परदेशी पार्ट नव्हते. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी जे मिळेल ते आणि हातातलं कसब. मूळ रूपवाल्यांना आज रिस्टोअर करायला जीप मिळते ती याच ‘बिघडवणाऱ्यां’नी जिवंत ठेवलेली. मग ते इंजिनसुद्धा त्या गाडीच्या इतिहासाचा भाग झालं नाही का?

जोंग्याची गोष्ट याच न्यायाने पाहायला हवी. निसानच्या ‘पॅट्रोल’ या मॉडेलवरून जबलपूरला बनलेली ही गाडी १९६९ पासून कित्येक वर्षं सैन्यात राबली. तिचं जवळपास चार लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आज चालवायचं म्हणजे मालकाच्या खिशाला भोक. कुणी त्यात डिझेल टाकून ती घाटात नेत असेल, तर त्याला बोल लावण्याआधी विचारावं : मूळ इंजिन ठेवलंय का? बसवण्यासाठी चासी कापली का? मूळ इंजिन गोठ्यात ताडपत्रीखाली सुखरूप असेल आणि जोडणी बोल्टांची असेल, तर तो माणूस त्या गाडीचा शत्रू नाही. इंग्लंडच्या बोव्हिंग्टन संग्रहालयात ट्युनिशियात १९४३ साली पकडलेला टायगर १३१ हा रणगाडा आहे. तो पुन्हा चालता केला तेव्हा त्यात संग्रहालयातल्याच किंग टायगरचं मेबॅख एचएल २३० इंजिन बसवलं. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या लष्करी संग्रहालयांपैकी एकाने हे उघडपणे, नोंद ठेवून केलं. त्यामुळे तो टायगर नकली ठरला असं कुणी म्हणत नाही.

बदलवाल्यांचा दुसरा भक्कम मुद्दा सुरक्षिततेचा. महायुद्धातल्या जीपचे दिवे ६ व्होल्टचे, ब्रेक चारही चाकांना ड्रमचे, पेट्रोलची टाकी थेट चालकाच्या सीटखाली, पट्टे नाहीत, दारं नाहीत, आणि पुढच्या व मागच्या चाकांमधलं अंतर फक्त ८० इंच. अशी गाडी एक्स्प्रेसवेवर ट्रकांच्या मध्ये नेणं म्हणजे स्वतःचाच नाही, दुसऱ्याचाही जीव धोक्यात घालणं. हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. १२ व्होल्टची वायरिंग, चांगले दिवे, पट्टे, सुधारलेले ब्रेक, मागे इंडिकेटर, हे सगळं करावंच. आणि यातलं जवळजवळ सगळं बोल्टांनी बसतं, बोल्टांनी निघतं. पण सुरक्षेच्या नावाखाली जे प्रत्यक्षात होतं ते बरेचदा भलतंच असतं. पाटे उंच करून गाडी वर उचलायची, आठ-नऊ इंच रुंदीचे टायर घालायचे, पुढे लोखंडी ‘बुल बार’ ठोकायचा, आणि म्हणायचं की ती दणकट झाली. आखूड गाडी उंच केली की तिचा गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर ती उलटायला आधीपेक्षा लवकर तयार होते. ज्याला सुरक्षितता हवी आहे त्याने आधी ब्रेककडे बघावं, उंचीकडे नंतर.

‘गाडी माझी’ या युक्तिवादाबद्दल थोडक्यात. मालकी मान्य आहेच. पण वस्तू माझी म्हणून तिच्याबद्दल खोटं सांगण्याचा हक्क मला मिळत नाही, आणि या क्षेत्रात खोटं फार बोकाळलं आहे. महिंद्राची सीजे३बी घ्यायची, तिच्यावर पांढरा तारा रंगवायचा, आणि १९४४ साली फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेली जीप म्हणून लग्नाच्या वरातीला भाड्याने द्यायची. सीजे३बीचं ते उंच बॉनेट आलं १९५३ साली, नॉर्मंडीनंतर नऊ वर्षांनी; जाणणाऱ्याला ती थाप दुरून कळते, नवख्याला कळत नाही. याहून वाईट म्हणजे भंगारातून उचललेल्या जीपवर एखाद्या पलटणीची खूण काढून ‘१९७१च्या युद्धातली’ असं सांगणं. त्या पलटणीचे जवान, त्यांची घरं आजही आहेत. त्यांच्या नावावर बनावट आठवण विकणं मला असह्य वाटतं. ज्याला गाडी केशरी रंगवून गोव्याच्या किनाऱ्यावर फिरवायची आहे तो निदान कुणाला फसवत नाही. कापाकापी केली नसेल तर मला त्याच्याबद्दल काहीही तक्रार नाही.

आणि आता कायदा, ज्याचा विचार दोन्ही गट सोयीप्रमाणे करतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीपुस्तकातली माहिती उत्पादकाने मुळात दिलेल्या माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाला करता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. बदलवाल्यांसाठी हा मोठा अडसर आहे. पण मूळ रूपवाल्यांसाठीही दुसरा अडसर आहे, ज्याबद्दल ते बोलत नाहीत. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२१ म्हणतो की संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज कुठल्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येणार नाही. म्हणजे जो माणूस जीप तिच्या अचूक रंगात उभी करतो, तो रस्त्यावर नेली की नियम मोडतो. आणि ती पांढरी किंवा लाल केली तर शौकीन त्याच्या नावाने बोटं मोडतात. त्या नियमामागचं कारण मला क्षुल्लक वाटत नाही. लष्करी दिसणाऱ्या गाडीने कुणी छावणीच्या दारापर्यंत पोहोचू नये ही चिंता रास्त आहे. पण सत्तर-ऐंशी वर्षांची, नऊ फटींच्या जाळीची, डाव्या बाजूच्या स्टिअरिंगची जीप आजच्या सैन्यातली समजून कोण फसणार?

२०२१च्या जुलैत केंद्राने जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेल्या, मूळ रूपात राखलेल्या आणि मोठी फेररचना न झालेल्या गाड्यांना नंबरप्लेटवर ‘व्हीए’ अक्षरं मिळतात. विचार चांगला. पण लष्करी गाडीला तो अंगरख्यासारखा बसत नाही. सैन्यातून बाद होऊन गाडी नागरी रस्त्यावर येते तेव्हा तिची आरटीओत नव्याने नोंदणी होते. मधली वीस-तीस वर्षं, जी तिची खरी सेवेची वर्षं, त्या कागदात कुठे असतात? आणि ‘मूळ रूप’ हा शब्द नियमात ठेवला, पण सैन्याच्या बेस वर्कशॉपमध्ये दोनदा इंजिन बदललेल्या, तोफेसाठी पत्रा कापलेल्या गाडीचं मूळ रूप कोणतं हे ठरवायचं कुणी? आरटीओच्या निरीक्षकाने?

ब्रिटनने हा प्रश्न शहाणपणाने सोडवला आहे. तिथे चाळीस वर्षांवरच्या गाडीला २०१८ पासून वार्षिक तपासणीतून सूट मिळते, अट इतकीच की गेल्या तीस वर्षांत तिच्यात मोठा बदल झालेला नसावा. पण ‘मोठा बदल’ कशाला म्हणायचं हेही त्यांनी लिहून ठेवलं. सुटे भाग मिळत नाहीत म्हणून गाडी टिकवण्यासाठी केलेला बदल चालतो. त्या जातीची गाडी बनत होती तेव्हा किंवा बनणं थांबल्यावर दहा वर्षांत जसे बदल होत असत, तसे बदल चालतात. सुरक्षेसाठी अॅक्सल आणि चालतीचे भाग सुधारले तरी चालतात. म्हणजे गाडीच्या काळाला आणि तिच्या जगण्याला कायद्यात जागा दिली आहे. आपल्याकडच्या नियमातही ही तीन वाक्यं बसवणं अवघड नाही.

त्याबरोबर नियम १२१मध्ये नोंदणीकृत ऐतिहासिक लष्करी गाड्यांसाठी अपवाद हवा, आणि अशा नोंदणीसाठी मालकाकडून दोन कागद घेतले जावेत. एक, सैन्याच्या लिलावाचं मूळ कागदपत्र, असेल तर. दुसरा, काम सुरू करण्याआधीच्या गाडीच्या फोटोंसह नोंद : चासीचा आणि इंजिनचा क्रमांक, सापडलेले रंगांचे थर, जुने क्रमांक, अधिकची भोकं आणि जोड, आणि काढून ठेवलेल्या मूळ भागांची यादी. अहिल्यानगरला घोडदळाच्या रणगाड्यांचं संग्रहालय आहे, वाहनांवर संशोधन करणारी संरक्षण खात्याची संस्थाही तिथेच आहे. अशा नोंदी पाहून गाडी ओळखायचं ज्ञान असलेली माणसं त्या शहरात आहेत. त्यांची मदत घेण्याची सोय नियमात करता येईल. मालकांचा खर्च यात फारसा वाढत नाही. फोटो तर सगळे काढतातच, फक्त ते काम झाल्यावर काढतात. सँडब्लास्टिंगवाल्याला बॉडी देण्याच्या आदल्या दिवशी ते काढायला हवेत.